करार संपलाय, भाडं थकलंय आणि माणसं तशी चांगली आहेत... काय करू?

खिडकीतली_तुळस | ३० जून, रात्री १०:१८

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्रच होते, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. जरा लांबलाय.

आमचा पुण्यात धायरीला टू बीएचके आहे, यांच्या पीएफमधले पैसे काढून आणि माझ्या पाटल्या मोडून २०११ साली घेतलेला. आम्ही स्वतः कोथरूडला राहतो. बाकी इस्टेट बिस्टेट काही नाही, हे आधीच सांगते कारण घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहितीये. भाडं १७ हजार, डिपॉझिट ५० हजार. यांची नोकरी प्रायव्हेट होती त्यामुळे पेन्शन नावालाच, तर त्या १७ हजारात दोघांची औषधं, धायरीचा मेंटेनन्स आणि वरचं काय काय निघतं.

मागच्या वर्षी १ जानेवारीपासून एक कुटुंब ठेवलं, नवरा बायको आणि सहा वर्षांची मुलगी. रीतसर लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेपट्टा नाही, ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी), ऑनलाइन रजिस्टर, एजंट घरी मशीन घेऊन आला, सगळ्यांचे अंगठे झाले, ११ महिन्यांचा करार. तो ३० नोव्हेंबरला संपला. मी फोन केला तर तो म्हणाला काकू आत्ता ऑफिसात फार गडबड आहे, बायोमेट्रिकला वेळ नाही, जानेवारीत करू. मी म्हटलं बरं. जानेवारीत बायको तिळगूळ घेऊन घरी आली, मुलगी मला आजी म्हणते, आता अशा वेळी कराराचं कसं काढणार? नाही काढलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी भाडं जीपेवर वेळेत आलं. मार्चपासून बंद.

मार्चला "काकू पगार लेट झालाय", एप्रिलला "दोन्ही एकदम देतो", मे महिन्यात फोन उचलणं कमी झालं आणि जूनमध्ये नुसत्या निळ्या टिका. चार महिन्यांचे ६८ हजार झाले, म्हणजे डिपॉझिट कधीच संपलं. हे रोज चिडचिड करतात की तूच लाडावून ठेवलंस. माझा भाचा म्हणतो मावशी, एका दिवसात बाहेर काढतो. मला भीती वाटते ती वेगळीच, की करार संपलेला आहे म्हणजे आता आपल्या हातात कागदच नाही, हे लोक तिथेच राहिले तर? पोलीस चौकीत जाऊन आले, ते म्हणाले मॅडम हा दिवाणी मामला आहे.

काय करावं?

सडेतोड | ३० जून, रात्री १०:४१

ताई सरळ सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. लाइट कापा. मीटर तुमच्याच नावावर असेल ना? मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून खिशात. जूनचा उकाडा आणि डास, तिसऱ्या दिवशी टेम्पो बोलावतात की नाही बघा. नाहीतर ते बाहेर गेले की कुलूप बदला. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने हेच केलं होतं.

कोर्टाची_पायरी | ३० जून, रात्री ११:२७

तुळसताई, वरचा सल्ला कृपा करून पाळू नका.

मी वकिली करते, घरभाड्याची बरीच प्रकरणं हाताखालून गेलीत. सडेतोड, तुम्ही जे सुचवलंत त्यात बाजू बरोबर असलेला मालक एका रात्रीत आरोपी होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ बघा, पाणी, वीज अशा आवश्यक सोयी मालकाने तोडायच्या नाहीत. आणि कुलूप बदललंत तर विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम ६ आहे, ज्याला बेकायदा बाहेर काढलं तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि तिथे मालकी कोणाची हा प्रश्न कोर्ट विचारतसुद्धा नाही. म्हणजे तुमच्याच घरात कोर्टाच्या हुकमाने त्याला परत बसवायची वेळ येईल. वर त्याची बायको चौकीत जाऊन काय तक्रार लिहील ते वेगळंच.

आता ताईंची भीती. करार संपला म्हणजे कागद संपला असं नाहीये, उलट आहे. याच कायद्यात कलम २४ आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की लायसन्सीने ताबा द्यायचा, नाही दिला तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. साध्या दिवाणी दाव्यासारखी ही लांबण नसते. समन्स पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायची असते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं त्याने मान्य केलं असं धरून आदेश होतो. आणि लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा, त्यामुळे "तोंडी असं ठरलं होतं, तसं ठरलं होतं" ही कॅसेट तिथे चालत नाही. मुदत संपल्यावरही बसून राहिला त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, तुमच्या बाबतीत महिना ३४ हजार. तुमची थकबाकी सगळी नोव्हेंबरनंतरची आहे, म्हणजे ती यातच बसते. कराराच्या मुदतीतलं भाडं थकलं असतं तर त्यासाठी वेगळं कोर्टात जावं लागलं असतं.

तुमचा कच्चा दुवा एकच, ते तीन महिने घेतलेलं भाडं. समोरचा वकील म्हणणार की मुदत संपल्यावरही भाडं स्वीकारलं म्हणजे नवीन भाडेकरार झाला. निव्वळ पैसे घेतल्याने आपोआप भाडेकरू होत नाही असं आम्ही म्हणणार, पण मुद्दा त्याच्या हातात दिलात हे खरं. त्यामुळे आता जुलैत त्याने अचानक १७ हजार टाकलेच तर "भाडं मिळालं, धन्यवाद" असं लिहू नका. "करार ३० नोव्हेंबरला संपलेला आहे, ही रक्कम जागा वापरल्याच्या नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून" असा मेसेज त्याच मिनिटाला पाठवा.

पहिलं काम, कराराची प्रत आणि इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा) शोधून ठेवा. मूळ कागद कुठे आहे तेच अर्ध्या मालकांना माहीत नसतं.

सडेतोड | ३० जून, रात्री ११:४०

बरं बाई. माझं मत मागे. पण कायदा पाळणाऱ्यानेच मरायचं का हा प्रश्न आहेच.

जुना_दादरकर | १ जुलै, सकाळी ६:०५

पहाटे उठून वाचला धागा. तुळसताईंची भीती नुसती वेडी नाही, त्याला इतिहास आहे, तो तरुण मंडळींना ठाऊक नसावा म्हणून लिहितो.

आमच्या काकांनी दादरला स्वतःच्या ब्लॉकमधल्या दोन खोल्या एका ओळखीच्याला लिव्ह अँड लायसन्सवर दिल्या होत्या, ११ महिन्यांवर, दर वेळी नवा कागद. त्या काळचा मुंबई भाडे कायदा १९४७ चा, त्यात भाडेकरूला संरक्षण होतं पण लायसन्सीला नव्हतं, म्हणून सगळे मालक लायसन्सचा कागद करायचे. मग १९७३ साली दुरुस्ती आली, कलम १५अ. १ फेब्रुवारी १९७३ ला ज्याचं लायसन्स चालू होतं आणि जो जागेत राहत होता तो कायद्याने भाडेकरू मानला गेला. काकांचा पाहुणा एका रात्रीत भाडेकरू झाला, भाडं तेच गोठलं आणि त्या दोन खोल्या काकांना हयातीत परत मिळाल्या नाहीत. काकू शेवटपर्यंत म्हणायची, भीड भिकेची बहीण. मुंबईत इतके फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूप लावून पडलेले असतात त्याच्या मुळाशी ही असली दहशत आहे, आमच्या पिढीने ती पोरांना दिली. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वकीलबाई म्हणतात ते कलम २४ त्यात आहे, पण एकदा पोळलेलं घर ताकही फुंकून पितं.

बारा वर्षं राहिला की जागा त्याची होते, हेही हमखास कोणीतरी सांगेल. ते वेगळं प्रकरण आहे, मालकाला न जुमानता कब्जा केलेल्याचं. परवानगीने राहणारा बारा काय चोवीस वर्षं राहिला तरी तेवढ्याने मालक होत नाही.

हिंजवडीचा_भाडेकरू | १ जुलै, सकाळी ९:५२

दुसरी बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहितो. नऊ वर्षांत पुण्यात पाच घरं बदललीत. पाचपैकी तीन मालकांनी डिपॉझिटमधून पेंटिंगचे पैसे कापले. दोन वर्षं माणूस राहिला की भिंतीचा रंग उडणार, ती वापराने होणारी झीज आहे, ते मी का द्यायचं? एकाने तर जाताना "डीप क्लीनिंग"चे नऊ हजार कापले आणि नंतर कळलं की पुढचा भाडेकरू त्याच कळकट बाथरूममध्ये राहायला आला. एकीने लॉक इन पिरियड (ज्या मुदतीच्या आत घर सोडता येत नाही ती) दाखवून एक महिन्याचं भाडं घेतलं, आईच्या ऑपरेशनसाठी गाव गाठायचं होतं तरी. बॅचलर होतो तेव्हाचं तर विचारूच नका, गच्चीवर कपडे वाळत घातले म्हणून सोसायटीची मीटिंग बसली होती.

तुळसकाकू, तुमचा भाडेकरू चुकतोय यात वाद नाही. पण मार्चमध्ये एकदम भाडं थांबलं म्हणजे बहुतेक नोकरी गेली असणार. आमच्या क्षेत्रात सध्या काय चाललंय ते बघतोच आहोत. ज्याची नोकरी जाते तो मालकाचाच नाही, आईचाही फोन उचलत नाही. नोटीस पाठवायच्या आधी एकदा जाऊन समोर बसा आणि स्पष्ट विचारा. तिळगूळ वगैरे बाजूला ठेवून.

पंचगंगेकाठी | १ जुलै, दुपारी १:१५

कोल्हापुरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर पोरांना खोल्या देतोय, कॉट बेसिसवर, वीस वर्षं झाली. काय सांगायचं राव, एकेक नमुने. एक पोरगं चार महिने "बापानं ऊस घातलाय, बिल आलं की देतो" म्हणत होतं, आम्ही पण शेतकरीच, म्हटलं असंल. नंतर कळलं बापाला गुंठाभर पण रान नाही, बाप एसटीत कंडक्टर. त्याच्या बापालाच फोन लावला, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी येऊन सगळे पैसे देऊन गेला आणि पोराला गेटपासूनच बडवत नेला.

तेव्हापासून आमचा नियम, आई वडलांचा नाहीतर गाववाल्याचा एक नंबर लिहून घेतल्याबिगर किल्ली द्यायची न्हाई. करारात लिहा नाहीतर वहीत लिहा, पण घ्या. आणि पाच तारखेला भाडं नाही आलं तर सहा तारखेला विचारायचं. वीस तारखेला विचारलं की त्याला वाटतं ह्यांना गरज नाही. हे मी आमच्या म्हातारीकडनं शिकलोय, ती जिन्यात उभी राहायची आणि नुसतं म्हणायची "जेवलास का?" तेवढ्यातच पोरगं वर जाऊन पैसे घेऊन यायचं.

खिडकीतली_तुळस | १ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. पंचगंगेकाठी, तुमच्या आजी डोळ्यांसमोर आल्या :)

वकीलताई, इंडेक्स टू सापडला, सत्यनारायणाच्या पोथ्यांच्या पिशवीत होता. हिंजवडीचा_भाडेकरू, तुमचं वाचून जरा लाजले खरं. मागच्या भाडेकरूचे मीसुद्धा पेंटिंगचे आठ हजार कापलेत. ब्रोकर म्हणाला सगळे कापतात, कापले.

रविवारी धायरीला जाऊन येते. भाच्याला नेणार नाही.

एडिसनकर | २ जुलै, पहाटे ४:४८

इकडे न्यू जर्सीत आहे, आमचा फ्लॅट बाणेरला. ताईंच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही पण परदेशातून हे करणारे बरेच असतील म्हणून. माझ्याकडे आधार नाही त्यामुळे ऑनलाइन नोंदणीत माझा अंगठा चालत नव्हता, म्हणून भावाच्या नावाने पॉवर ऑफ अटर्नी केली. कॉन्सुलेटमधून अटेस्ट करून पाठवली, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, ते आम्ही विसरलो होतो आणि मग धावपळ. दुसरं, मालक एनआरआय असेल तर भाडं कितीही असू दे, भाडेकरूने भाडं देतानाच टीडीएस (मालकाचा आयकर) कापायचा असतो, सेस धरून ३१.२ टक्के. भारतात राहणाऱ्या मालकाला महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच कापतात आणि तोही २ टक्के. हे कळल्यावर दोन भाडेकरू पळून गेले, कारण टॅन (कापलेला कर भरायचा नंबर) काढा, भरणा करा, रिटर्न भरा, एवढा व्याप कोण करणार?

इकडे भाडं थकलं की मालक सरळ कोर्टात जातो आणि कोर्टात पाय ठेवायला कोणी लाजत नाही. आपल्याकडे "कोर्टात गेले" म्हणजे घरावर काही संकट आल्यासारखं सांगतात.

नागपुरी_संत्रं | २ जुलै, सकाळी ११:०३

मी ११ महिने की ३३ महिने हे विचारायला आलो. आमच्या इकडचा एजंट म्हणून रायला की ११ च कर, १२ केले तर भाडेकरू पक्का होते. खरं हाय का?

कोर्टाची_पायरी | २ जुलै, दुपारी २:४०

नागपुरी_संत्रं, हा ११ महिन्यांचा मंत्र बाकी देशातून आलाय. नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षापेक्षा जास्तीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, ते टाळायला लोक ११ महिने लिहायचे आणि नोटरी करून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात ती पळवाट नाही, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, मग तो ११ चा असो नाहीतर ३३ चा. नोंदवायची जबाबदारी मालकावर. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्याहून जास्त बोचणारी गोष्ट म्हणजे वाद झाला की अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. १२ केले म्हणून कोणी पक्का होत नाही.

खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क पाव टक्का, एकूण भाड्यावर, आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्याच्यावर. ताईंच्या करारावर ११ महिन्यांचं पाचशेच्या आतबाहेर, ३३ महिन्यांचं भाडं तेच धरलं तर साडेचौदाशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १०००, ती दर करारामागे. म्हणजे ३३ चा एकदाच केला तर फी आणि एजंटचे पैसे दोन वेळा वाचतात.

तरीही नवीन, अनोळखी माणूस असेल तर मी ११ च सांगते. कलम २४ चं दार मुदत संपल्यावर सरळ उघडतं. ३३ महिन्यांच्या करारात सातव्या महिन्यात भाडं थांबलं तर आधी लायसन्स रद्द केलं का, नोटीस बरोबर होती का, यावर भांडण होतं. दोन महिने थकलं तर लायसन्स संपुष्टात, असं कलम घालतात लोक, घालावंच, पण छोटी मुदत ती छोटी मुदत.

वर्तुळाकार | २ जुलै, दुपारी ४:१९

माझा अनुभव. कलम २४ खाली अर्ज केला होता, हडपसरचा फ्लॅट. ३० दिवस वगैरे कागदावर. समन्स पोचवायलाच अडीच महिने गेले, तो दार उघडायचाच नाही, मग दारावर चिकटवलं. आदेश सात महिन्यांनी हातात आला. त्यावर अपील नाही पण रिव्हिजन (वरच्या पातळीवर फेरतपासणीचा अर्ज) आहे ९० दिवसांत, तीही त्याने टाकली. सगळं धरून सव्वा वर्ष. दुप्पट भरपाईचा आदेश झाला पण वसूल करायला माणूस तर सापडला पाहिजे, तो तोपर्यंत इंदूरला. ताबा मिळाला यात समाधान मानलं. हे घाबरवायला नाही सांगत, पण तडजोड होत असेल तर हिशोब मांडून बघा. महिना १७ हजार गुणिले सव्वा वर्ष.

सोसायटीचा_सेक्रेटरी | २ जुलै, संध्याकाळी ७:०७

एक आमच्या बाजूने, नावाप्रमाणे :)

मालक लोक भाडेकरू ठेवतात आणि आम्हाला व्हॉट्सॅपवर आधारचा फोटो टाकून मोकळे होतात. कराराची प्रत द्या आणि पोलिसांना माहिती ऑनलाइन भरल्याची पावती द्या. ती परवानगी नसते, नुसती माहिती द्यायची असते, दहा मिनिटांचं काम आहे पण लोक एजंटला पैसे देऊन करून घेतात आणि एजंट करतच नाही. आणि हो, नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे, हे मीच सांगतोय म्हणजे बघा. आमच्या आधीची कमिटी मेंटेनन्सच दुप्पट लावत होती.

पुण्यात अजून एक, स्वतः राहत असाल तर मिळकतकरात जी ४० टक्के सवलत असते ती घर भाड्याने दिलंत की जाते. भाडं ठरवताना हा आकडा कोणी धरत नाही.

खिडकीतली_तुळस | ६ जुलै, रात्री १०:५५

जाऊन आले. सविस्तर लिहिते कारण सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

सकाळी दहाला गेले, एकटीच, हे खाली गाडीत बसले होते. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे बघून तिला रडूच आलं. हिंजवडीचा_भाडेकरू, तुमचा अंदाज बरोबर, फेब्रुवारीत नोकरी गेली. तिने दोन घरी पोळ्यांचं काम धरलंय, ते बिल्डिंगमध्ये कळू नये म्हणून सकाळी साडेपाचला जाते. तो आतल्या खोलीत होता, बाहेरच येईना. मी सोफ्यावर बसले आणि वीस मिनिटं मला तोंडच उघडता येईना, खरं सांगते. चहा प्यायले. मुलीने चित्र दाखवलं. मग मी आपली पंचगंगेकाठींच्या आजीसारखी म्हणाले, "त्याला म्हणावं बाहेर ये, मी भांडायला आले नाहीये, हिशोबाला आलेय."

आला. मी म्हटलं चार महिन्यांचे ६८ हजार आहेत, डिपॉझिट ५० आहे. तू राहिलास तर आकडा वाढणार, तुझाही आणि माझाही. करार नाहीये, नवीन मी करणार नाही. कधी निघतोस? तो म्हणाला काकू सप्टेंबर. मी म्हटलं ३१ जुलै. एवढं सरळ मी आयुष्यात कोणाशी बोलले नसेन, स्वतःच्या सुनेशीसुद्धा नाही.

शेवटी ठरलं ३१ जुलै. डिपॉझिट पूर्ण वळतं करायचं. जुलै धरून ८५ होतात, वजा ५०, राहिले ३५. त्यातले मी २० सोडले, १५ तो दोन हप्त्यांत देणार, नोकरी लागल्यावर. हे ऐकून आमच्याकडे गाडीतच महाभारत झालं, पण वर्तुळाकार यांचा सव्वा वर्षाचा हिशोब मी यांना वाचून दाखवला तेव्हा जरा गप्प बसले.

वकीलताई, हे नुसतं तोंडी ठेवू का?

कोर्टाची_पायरी | ६ जुलै, रात्री ११:२०

अजिबात नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या (शंभरचा आता चालत नाही), दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. मजकुरात करार ३० नोव्हेंबरला संपल्याचं त्याने मान्य केलंय, तो लायसन्सी म्हणूनच राहत होता, ३१ जुलैला रिकामा ताबा देणार आणि डिपॉझिटचा हिशोब पूर्ण झाला, हे चार मुद्दे आलेच पाहिजेत. २० हजार सोडले ते "३१ तारखेला ताबा दिल्यास" असं लिहा, आत्ताच सोडून टाकू नका. आणि नोटीस तरीही पाठवा, स्पीड पोस्टाने. त्याला फोन करून सांगा की येणार आहे, घाबरू नकोस म्हणावं. शब्द फिरला तर तारीख वाया जायला नको.

सडेतोड | ७ जुलै, सकाळी ८:१२

२० हजार सोडले??? ताई तुम्ही घरमालक व्हायला नको होतात.

पंचगंगेकाठी | ७ जुलै, सकाळी ८:३०

सडेतोड, सोडले न्हाईत, सव्वा वर्ष इकत घेतलंय वीस हजारात. स्वस्तात पडलं की.

खिडकीतली_तुळस | २ ऑगस्ट, रात्री ९:१४

अपडेट. ३१ ला संध्याकाळी सहाला किल्ल्या मिळाल्या, तीनपैकी दोन. तिसरी मुलीच्या दप्तरात राहिली म्हणे.

घराची अवस्था बरी आहे. किचन ट्रॉलीचं एक चॅनल तुटलंय, गिझर गळतोय, हॉलच्या भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत क्रेयॉनचं जंगल. सगळ्यात मोठा धक्का लाइट बिलाचा, तीन महिने भरलंच नव्हतं, ४ हजार १०० रुपये. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. महावितरणचं बिल आमच्याच नावावर, म्हणजे गेलं माझ्याच अंगावर. कोणी घर परत घेत असाल तर ताबा घ्यायच्या दिवशी ग्राहक क्रमांक टाकून फोनवर थकबाकी बघा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, पाइप गॅसचंही तसंच. मी किल्ली घेतल्यावर चार तासांनी बघितलं.

पहिला हप्ता पाच हजार काल आला. न मागता.

आता पुढचा करार. या वेळी ठरवलंय, गिझर, पंखे, ट्रॉल्या, एक्झॉस्ट, किल्ल्या किती, सगळ्याची यादी कराराला जोडायची आणि आत जायच्या आधी दोघांनी मिळून मोबाइलवर व्हिडिओ. फोनमध्ये करार संपायच्या ४५ दिवस आधीचा रिमाइंडर आत्ताच लावायचा. रंगाचे पैसे कापणार नाही, क्रेयॉनचे सुद्धा नाही, पण तुटलेल्या वस्तूचे बिल दाखवून घेणार. डिपॉझिट तीन महिन्यांचं मागावं का? ब्रोकर म्हणतो धायरीत कोणी देणार नाही.

हिंजवडीचा_भाडेकरू | २ ऑगस्ट, रात्री ९:५०

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे इथे जे ठरेल ते. तीन मागा, मी असतो तर दिले असते, फक्त परत कधी देणार तेही करारात लिहा. "किल्ली दिल्याच्या दिवशी" एवढे तीन शब्द. या तीन शब्दांसाठी पाच घरांत भांडलोय.

नागपुरी_संत्रं | ३ ऑगस्ट, सकाळी १०:२२

काकू, माझी बहीण पुण्यात नांदेड सिटीजवळ घर पाहून रायली, नवरा बायको दोघंबी बँकेत हायत. भाडं तेवढंच हाय की वाढवलं? आणि दोन मांजरी हायत तिच्याकडे, चालते का?

खिडकीतली_तुळस | ३ ऑगस्ट, सकाळी १०:३१

साडेअठरा. मांजरींचं यांना विचारून सांगते. करार मात्र आधी, सामान नंतर.